पाणी प्यालेली चाकं

भागोजी गेले, तेव्हा चिपळूणच्या इस्पितळातलं ते यंत्र त्यांच्या खाटेपासून दोनच खोल्या पलीकडे होतं. चादर घालून झाकून ठेवलेलं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त धुऊन देणारं यंत्र. मुंबईच्या एका ट्रस्टने ते दान दिलं आणि चौथ्या महिन्यात त्याच्या पोटातला पंप झिजून बंद पडला. नवा पंप परदेशातून आणायचा तर आधी परवाना, मग आगबोट, मग जकात. डॉक्टर रिसबूड म्हणायचे, "पंप येईपर्यंत माणसं थांबत नाहीत हो." भागोजीही थांबले नाहीत.

पोफळीच्या वीजघरात त्यांनी वीस-बावीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. तिथल्या अजस्र यंत्रांच्या बेअरिंगांना तेल पुरवणारे पंप हे त्यांचं खातं. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात, हात सुजलेले असतानाही, त्यांनी डॉक्टरांना गळ घालून यंत्राचा मागचा पत्रा काढायला लावला. आत मुठीएवढा पंप होता. तो बघून भागोजी किती दिवसांनी हसले.

"हात्तिच्या! हा तर माझ्या तेलपंपाचा नातू!"

मग त्यांनी लेकीकडे पेन्सिल मागितली आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे चित्र काढलं. दोन दातेरी चाकं एकमेकांत गुंतलेली, भोवती घट्ट घर. चाकं फिरली की दात्यांमधल्या खाचांत पाणी सापडतं, घराच्या भिंतीलगत पलीकडे नेलं जातं आणि तिथे दाते मिटले की पुढे ढकललं जातं. पंपाची सगळी करामत एवढीच, पण ती टिकते चाक आणि भिंत यांच्यातल्या फटीवर. फट मोठी झाली तर पाणी मागे पळतं. फारच लहान राहिली तर चाक अडकतं. चित्राखाली भागोजींनी पेन्सिल दाबून लिहिलं होतं : 'फट – एक कागद.' वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी दाते आणि भिंतीच्या मध्ये घालायची. ती न फाटता, पण हाताला जरा ओढ देत निघाली की फट बरोबर. वीजघरात मापाची पाती होती, तरी शेवटचा निवाडा त्यांची पट्टीच करायची.

सगुणा त्यांची एकुलती लेक. पुण्याला पंपांच्या कारखान्यात नकाशे काढायची. बाराव्या-तेराव्याचं उरकल्यावर ती परत जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. तिने बिनपगारी रजा वाढवली आणि कॅलेंडरचं पान घेऊन खेर्डीला लवूच्या वर्कशॉपमध्ये गेली. लवू वीजघरात भागोजींच्या हाताखाली तयार झालेला, त्यांना दादा म्हणणारा. आता स्वतःचं लेथ आणि दाते पाडायचं मशीन टाकून बसला होता.

"दादाचं काम हाय ना? मंग काढ नकाशा," तो म्हणाला. "किती दिवस हायत आपल्याकडं?"

"गणपतीपर्यंत. तोवर यंत्र चाललं नाही तर ट्रस्ट ते उचलून दुसऱ्या जिल्ह्यात देणार आहे. तसं पत्र आलंय."

हे पत्र जिवाला लागावं असा माणूस चिपळुणात एक होता : रावजी. एस.टी.चा ड्रायव्हर. अकरा वर्षं त्याने चिपळूण–मुंबई गाडी चालवली आणि आता आठवड्यातून दोनदा त्याच गाडीत बाकावर बसून रक्त धुवायला मुंबईला जायचा. घाटात दरड आली की त्याची एक खेप चुकायची, आणि तिसऱ्या दिवशी त्याला चपला पायात घालता यायच्या नाहीत.

लवूने पहिल्याच दिवशी चाकांसाठी पितळ पुढे केलं. "जन्मभर चालंल."

"पितळ नको, लवूकाका. रक्त धुणाऱ्या या पाण्यात क्षार असतात. पितळातलं तांबं त्यात उतरलं तर ते यंत्रातल्या पातळ पडद्यातून पलीकडच्या रक्तात जाईल, आणि रक्तपेशी फुटतील. शिवाय तेलाच्या पंपात तेलच चाकांना वंगण देतं. इथे नुसतं कोमट पाणी. धातूवर धातू घासला की चार दिवसांत झिजला."

म्हणून घर न गंजणाऱ्या पोलादाचं केलं आणि चाकं नायलॉनची. सगुणाने पुण्याहून नायलॉनचा दांडा मागवला. ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा, कातताना लोण्यासारखा सुटणारा. दाते पाडून झाले तेव्हा जुलै संपत आला होता. वडलांच्या हत्यारपेटीतून तिने मायक्रोमीटर काढला. खाली त्यांच्या चष्म्याचं घर होतं, ते तसंच ठेवलं. मापं जुळली. तरी तिने वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि दाते-भिंतीच्या मध्ये सरकवली. पट्टी ओढ देत निघाली. लवूने मान डोलावली. दादा असते तर त्यांनीही डोलावली असती, असं दोघांनाही वाटलं.

संध्याकाळी पंप यंत्रात बसवला. दोन तास नुसत्या पाण्यावर चालवला. आवाज नाही, गळती नाही. डॉक्टर इतके खूष झाले की त्यांनी रावजीला निरोप धाडला : उद्या मुंबईला जाऊ नकोस, सकाळी इकडेच ये.

सकाळी रावजी आंघोळ करून, नवा सदरा घालून आला. डॉक्टरांनी आधी पाण्यावर चालवून बघायला बटण दाबलं. मोटर नुसती गुरगुरली. पंप जाम झाला होता. काल बोटाने फिरणारी चाकं आज पकडीनेही हलेनात.

सगुणा पकड लावून चाकं पुन्हा पुन्हा फिरवू पाहत राहिली. रावजीनेच शेवटी नळ्यांसाठी सोडलेली सदऱ्याची बटणं लावली.

"आसूं दे, बाय. माझी गाडी बंद पडायची तेव्हा पासष्ट माणसं शिव्या द्यायची. मी एकलाच हाय." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "दुपारची गाडी गावतेय काय बघतो."

त्याला संध्याकाळची गाडी मिळाली. तो जिन्यावरून उतरला तेव्हा त्याच्या चपलांचे अंगठे मोकळे लोंबत होते. ते सगुणाच्या डोळ्यांसमोरून जाईना.

तिने चाकं बाहेर काढली, दाते तासले, फट वाढवली. आता पंप अडकला नाही, पण ओढेचना. यंत्रात शिरणाऱ्या पाण्यातली हवा खेचून काढणं हेही या पंपाचं काम. सैल चाकांनी ते होईना. भोक पडलेल्या नळीने ताक ओढावं तसं नुसतं फुरफुरणं. मग तिने नवी जोडी केली, फट मधली ठेवली. ती पहिल्या दिवशी सैल आणि तिसऱ्या दिवशी घट्ट! नकाशे काढण्यात तिची दहा वर्षं गेली होती. असं लहरी माप तिने पाहिलं नव्हतं.

लवू हातातली चिंधी चुरगाळत म्हणाला, "रागावू नको हां, सगुणा. दादाचा कागद तेलासाठीच होता काय? पाण्याला चुकला असंल."

ती रागावली नाही. पण त्या दिवशी जेवताना तिच्या ताटातला भात तसाच राहिला. पंप झाला नाही तर यंत्र जाईल, रावजी जन्मभर त्या बाकावर बसेल, हे होतंच. त्याखाली आणखी एक होतं. वडलांनी शेवटचं हातात पेन्सिल धरून जे लिहिलं, ते चुकलं, असं तिला मान्य करावं लागणार होतं.

यमुनाबाईंनी लेकीच्या ताटाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला बळेच बुरोंडीला नेलं. भागोजींचं मूळ घर तिथलं. धाकटा दीर महिपत अजून मासेमारीला होडी घालायचा. नारळी पुनव चार दिवसांवर आली होती आणि किनाऱ्यावर पावसाळ्यासाठी झावळ्यांनी शाकारलेल्या होड्या बाहेर निघत होत्या.

महिपतच्या होडीला यंदा खालच्या अंगाने नव्या फळ्या घातल्या होत्या. सगुणा गेली तेव्हा तो घागरीने होडीत पाणी ओतत होता. बाहेर नाही, आत! आणि फळ्यांच्या सांध्यांतून ते पाणी दहा ठिकाणी वाळूवर गळत होतं.

"काका, फळ्यांत ही एवढी फट? सुताराने फसवलं तुम्हाला."

महिपतने घागर खाली ठेवली. "फसवलंन? अगो, घट्ट बशिवल्या असत्या तर फसवलंन म्हटला असता! कोरडी फळी दाबून बशिवली आणि मंग ती पाणी प्याली, तर जाईल कुठं? खिळं उपटून टाकील. म्हणून आधी पाणी पाजायचं. आज गळंल, उद्या थेंब थेंब, परवा बंद. मंग काय फट ऱ्हायली ती बघायची आणि कापूस भरायचा. तुझा बापूस चौदा वरसाचा असल्यापासून ह्याच घागरीनं पाणी घालायचा. त्यानं नाय सांगितलंन तुला?"

"नाही," सगुणा म्हणाली. "लाकडाचं कधी कामच पडलं नाही आम्हाला."

ती होडीच्या कडेला वाकली आणि ओल्या फळीवरून बोट फिरवत राहिली. मग एकाएकी ताठ झाली. नायलॉन! लोखंड पाणी पीत नाही, पोलाद पीत नाही. वीजघरात कुणाला हा विचार करायची गरजच पडली नव्हती. आणि हा पांढरा दांडा लाकडासारखा पाणी पितो, हे पुस्तकात तिने एका ओळीत कधीतरी वाचलंही होतं. कोरडं चाक कापलं, कोरड्यावर पट्टी लावली, आणि मग त्याला पाण्यात बुडवलं. बाबांचा कागद बरोबर होता. तो तिने तहानलेल्या चाकाला लावला होता.

"काका, फळीला पाणी प्यायला तीन दिवस लागतात?"

"थंड पाण्यात. तुला घाई असंल तर उकळ!" महिपत थट्टेने म्हणाला.

सगुणाने ते थट्टेवारी घेतलं नाही. चिपळूणला परतल्या परतल्या तिने आईचं भात उकडायचं मोठं तपेलं मागितलं. ह्याच तपेल्यात यमुनाबाई दर वर्षी उकड्या तांदळासाठी सालासकट भात उकडून वाळवायच्या. तपेल्यात नायलॉनचे न कापलेले गोल तुकडे पडलेले बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"माझ्या भाताच्या तपेल्यात चाकं रांधतेस? किती शिट्या देऊ?"

"दोन दिवस उकळत ठेवायचं, आई. पाणी आटू द्यायचं नाही."

"दोन दिवसांत बकऱ्याचा खूरसुद्धा शिजतो!" असं म्हणत त्यांनी जळण पुढे सारलं. पण मग पाटावर बसून राहिल्या त्या त्याच. सगुणा दर दोन तासांनी एक तुकडा चिमट्याने काढायची आणि मायक्रोमीटरने मोजायची. तुकडे वाढत होते. पहिल्या दिवशी भराभर, दुसऱ्या दिवशी हळूहळू. दुसऱ्या दिवशी दुपारी लागोपाठ तीन वेळा माप तेच आलं.

"झाला का गं शिजून?" यमुनाबाईंनी विचारलं.

"पोट भरलं त्यांचं."

तुकडे पाण्याच्या डब्यातच खेर्डीला गेले. लवूने ते ओलेच कातले, ओलेच दाते पाडले, आणि काम थांबलं की पुन्हा डब्यात टाकले. "मासे पाळल्यासारखं झालंय हे," तो कुरकुरला. शेवटी सगुणाने वर्तमानपत्राची पट्टी फाडली. ओल्या चाकाला ती चिकटायची म्हणून तिने पट्टीला खोबरेल लावलं. पट्टी सरकली, अडली आणि हाताला ओढ देत, न फाटता बाहेर आली.

या वेळी डॉक्टरांनी घाई केली नाही. पंप यंत्रात पाण्याने भरून दोन दिवस तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी बटण दाबलं. तो फिरला. हवा ओढू लागला. दिवसभर चालला, परत एक दिवस बंद ठेवला, परत चालला. गणपतीला सहा दिवस राहिले होते. रस्ते मुंबईहून येणाऱ्या गाड्यांनी भरले होते, आणि डॉक्टरांनी पुन्हा रावजीला निरोप धाडला.

रावजीने या खेपेला नवा सदरा घातला नव्हता. पिशवीत चादर आणि मुंबईचं तिकीट दोन्ही होतं. "मागच्या वेळंला शिकलो," तो म्हणाला.

त्याच्या दंडातून नळ्या जोडल्या. एका बाजूने रक्त, दुसऱ्या बाजूने पाणी, मध्ये पडदा. सगुणा यंत्राच्या मागे स्टूल घेऊन बसली, पंपावर हात ठेवून. ताप बघावा तसा. कोमट होता, आणि थरथर एकसारखी.

एक तास झाला. रावजी छताकडे बघत म्हणाला, "खेड."

"काय?" डॉक्टरांनी दचकून विचारलं.

"मुंबईची गाडी खेडला आली. एक तास झाला नव्हं?"

दुसऱ्या तासाला त्याने पोलादपूर म्हटलं. मधेच "कशेडीच्या घाटात गाडी जरा ओढत होती" अशी पुस्ती जोडली. माणगावला त्याने चहा मागितला. डॉक्टरांनी अर्धा कप दिला. चौथा तास भरत आला तेव्हा खोलीत सिस्टर, लवू, दाराशी यमुनाबाई, अशी सगळीच जमली होती. डॉक्टरांनी नळ्या सोडवल्या, रक्तदाब बघितला, पाय दाबून बघितले आणि मान हलवली.

रावजी उठून बसला. "नागोठणं," त्याने जाहीर केलं. "मी हितंच उतरतो. पुढं काय जात नाय आता." आणि पिशवीतलं तिकीट काढून, फाडून, सिस्टरच्या बादलीत टाकलं.

सगुणाने पंपावरचा हात काढला. तळवा ओला झाला होता. तिने तो पदराला पुसला, आणि मग पदर तसाच थोडा वेळ डोळ्यांना लावला. लवू पंपाकडे वाकून उगाच एक नट तपासत राहिला.

ट्रस्टला तार गेली. डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, की एक जोडी राखीव हवी, आणि सांगलीच्या एका डॉक्टरांकडेही असंच यंत्र चादरीखाली आहे. सगुणाने पुण्याला रजेचं काय लिहायचं ते मनाशी जुळवायला सुरुवात केली.

घरी आल्यावर तिने कॅलेंडरचं पान खिडकीशी धरलं. 'फट – एक कागद.' पेन्सिलीचा दाब पानाच्या मागच्या तारखांपर्यंत उमटला होता. तिने वडलांचीच पेन्सिल घेतली आणि खाली, त्यांच्या अक्षराला धक्का न लावता, लिहिलं : 'चाकाला आधी दोन दिवस पाणी पाजून.'

स्वयंपाकघरातून तपेलं घासल्याचा आवाज येत होता.

"आई, इतक्यात घासू नको," ती म्हणाली. "अजून दोन जोड्या आहेत."

"मग जळण आहे कुठं?" यमुनाबाई आतूनच म्हणाल्या. "नवा भात दिवाळीला येतो. तोवर तपेलं तुझं. लाकडं मात्र तू फोडायची."