कडू दुधी आणि राहीची सुपारी

जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आदल्या सालची गोष्ट. माझा नवरा नथू म्हणजे जातिवंत बिनकामाचा माणूस. मी नि माझी लेक राही माझ्या माहेरी गेलो, तेव्हा "दुधीच्या वेलाला पाणी मी घालतो" म्हणाला, आणि गेला म्हशाच्या जत्रेला बैल बघायला. बैल घेतला नाय ते नाय, नुसता बघतच बसला. इकडं वेल तहानेनं सुकला, किड्यांनी पानांची चाळण केली.

आता वेलाला काय पाय आहेत पळायला? का तोंड आहे शिव्या द्यायला? नायतर नथूला चांगल्या हासडल्या असत्या. वेल आपला रसातच कडू कालवतो. किडा चावला की त्याचं तोंड वाकडं. माणसानं खाल्ला तर पोट पण वाकडं. वरून दुधी मात्र हिरवागार, गुळगुळीत. त्यात आमी यायच्या आधी या लबाडानं घागरी ओतून वेल टवटवीत करून ठेवलेला. मला काय स्वप्न पडणार?

आमी आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी राहीची सुपारी फोडायला पाहुणे आले. मुलगा कोंडू, कसाऱ्याला रेल्वेत कामाला. सोबत त्याचा बाप लखमा, मिशांना तेल लावून. माझी राही फटकळ, दोन ठिकाणं त्याच पायी मोडलेली. हे तिसरं. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला.

मी दुधीची भाजी केली. एरवी फोड चाखून बघते, पण नैवेद्याचं रांधताना चाखायचं नाय, उष्टं होतं. पयलं पान देवापुढं ठेवलं. देव काय बोलतोय? त्यानं मुकाट गिळलं.

मग पंगत बसली. कोंडूनं पयला घास घेतला नि पानाबाहेर थुंकला. "कडू हाय! कोणी खाऊ नका, पोट बिघडंल!"

मेले मी! आता हे पण ठिकाण गेलं.

लखमाचा चेहरा लालबुंद. "गप रे! लोकाच्या घरी अन्नाला नावं ठेवतोस? गोड हाय भाजी!" आणि त्यानं भलामोठा घास कोंबला. झालं, नथूलाही चेव चढला. "वाढ गो! व्याह्यांना आणखी वाढ!" स्वतःही ओरपायला लागला. दोघांच्या डोळ्यांतून पाणी, पण मागं कोण हटतंय? मी ओरडले, "अरे ठेवा खाली, मराल!" बायकांचं ऐकतंय कोण!

राहीनं भाजीचं भांडं उचललं आणि सरळ शेणखड्ड्यात उपडं केलं. तोवर दोघांच्या पोटात कळा उठल्या. टमरेलं घेऊन दोघं करवंदीच्या जाळीमागं पळाले.

घरात उरलो आमी तिघं. मी घाबरतच कोंडूला विचारलं, "रागावलास काय रे?"

"मी कशाला? कडू ते कडू." मग राहीकडं बघून म्हणाला, "तुला चालंल का असला माणूस?"

"चालंल," राही म्हणाली. "निदान तोंडात एक नि पोटात एक, असं तरी नाय."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तबकातली सुपारी उचलली, पाटावर ठेवली, वरवंटा घातला. खाडकन फुटली.

जाळीमागून लखमा ओरडला, "कोण ते? सुपारी मोठ्या माणसांनी फोडायची असते!"

"मोठी माणसं तिकडं बसलीत!" मी म्हटलं. "तुमी निवांत बसा, व्याही."