फ्लोराचा पिवळा स्वेटर

“वैनी, हलवा लागतोय गो! हात का थांबला?”

फ्लोरा ओरडली तशी मलका दचकली आणि तिने घाईघाईने कालथा फिरवला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पातेल्याच्या बुडातून करपल्याचा वास आला. नव्याच्या सणाचा, म्हणजे ज्यू नववर्षाचा, चिकाचा हलवा मोठा हट्टी. नारळाच्या दुधात गव्हाचा चीक पडला की ढवळणाऱ्या बाईने जग विसरावं. मुंबईत मलकाचा हलवा कधी लागला नव्हता, इस्रायलमध्ये किर्यात गातला आल्यावरही नाही.

आज लागला तो फ्लोराच्या एका वाक्यामुळे. फ्लोरा तिची नणंद, सणाची तयारी करायला शुक्रवारी सकाळच्या बसने रामल्याहून आलेली. एकीने ढवळायचं, दुसरीने तोवर थंडीचं विणायचं, असा दोघींचा बेत. टाके घालता घालता ती सहज म्हणाली होती, “तुझ्या पेटीत माझा तो पिवळा स्वेटर आहे ना? शब्बाथ सरला की काढू. ओराच्या बाळाला द्यावा म्हणते.”

ओरा ही मलकाची लेक. पेताह तिक्वाला असायची, डिसेंबरात, हनुक्काच्या सणाच्या सुमाराला तिचे दिवस भरणार होते. आणि स्वेटर? तो फ्लोराने आपल्या बाळासाठी विणला होता, भायखळ्याला असताना, आईची जुनी शाल उसवून. बाळ इस्पितळातून घरी आलंच नाही. ‘डोळ्यांसमोर नको, तुझ्याकडे ठेव,’ म्हणून तिने तो मलकाच्या हातात दिला आणि पुढे कधी त्याचं नावही काढलं नाही. तिला दुसरं मूल झालं नाही.

आणि मलकाने तो कालच उसवला होता.

आता काय म्हणावं या बाईला! मनात वाईट काही नव्हतं हो. तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिलं वस्त्र कोरं लावू नये, जुन्यातलं लावावं, ही आपली रीत. घरात होती ती दुकानातली नवीकोरी पांढरी लोकर. जुनी शोधायला गेली तर पेटीच्या तळाशी हा एवढासा स्वेटर. सासूबाईंच्या शालीची लोकर, म्हणजे ओराच्या आजीचीच की! फ्लोरा काय, केव्हाच विसरली असेल. मलकाने स्वतःची अशी समजूत घातली आणि टाका सोडवला. पहिल्या टाक्याला हात अडला खरा. मग सरसर सुटत गेलं. त्यातली बोटभर किनार विणूनही झाली होती. ती टोपली आता पलंगाखाली होती, सकाळी फ्लोराची चाहूल लागताच ढकललेली. विसरली असेल म्हणणाऱ्या बाईने टोपली लपवावी कशाला?

संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागायच्या आधी तिने नवऱ्याला स्वैपाकघरात ओढलं आणि सगळं सांगितलं.

गर्शोनने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, “कसर लागली म्हण. फेकून दिला म्हण. लोकरीला लागतेच.”

“आणि दार फळणीचा उपास आलाय तोंडावर. उपासाच्या आधी तिची माफी मागायची ना? कशाची मागू? कसरीची?”

“मग सांगून टाक. पण शब्बाथभर ती इथेच आहे, बस नाही की काही नाही. एका खोलीत दोघी काय करणार?”

शनिवारी विणकाम बंद, चूल बंद. हाताला काम नसलं की मन खायला उठतं. दुपारी दोघी खिडकीशी बसल्या होत्या. वारा थोडा गार झाला होता. फ्लोराने पदर खांद्यावर ओढला आणि आपणहून बोलू लागली.

“वैनी, माझ्या बाळाचे कान गर्शोनसारखे होते. नर्सने दाखवला मला. कुणाला सांगितलं नाही मी.”

मलकाला पलंगाखालची टोपली आठवली. आत्ता सांगावं, या घडीला सांगावं.

“त्याच्या बापाला, बेंजामिनलासुद्धा नाही,” फ्लोरा म्हणाली. “नवं वर्ष लागतंय, म्हटलं आता मोकळं व्हावं. कुणाच्या तरी अंगावर तो स्वेटर बघावा.”

मलकाने फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात तिला स्वतःचाच नकोसा झाला. मेली मी, असं ती मनात शंभरदा म्हणाली.

चांदण्या दिसल्या, शब्बाथ सरला. गर्शोनने दिवा लावला आणि शेजाऱ्याकडे जातो म्हणून बाहेर पडला.

“चल, काढ पेटी,” फ्लोरा म्हणाली.

मलकाच्या ओठांवर कसरीची थाप आली होती, अगदी जिभेच्या टोकावर. तिने पलंगाखाली हात घातला आणि टोपली फ्लोरापुढे ठेवली.

“मी उसवला गो. परवा. तू विसरलीस असं वाटलं मला. नाही, तसं वाटून घेतलं मी.”

फ्लोरा टोपलीवर वाकली. तिने लोकरीची लड उचलली. जुन्या टाक्यांची वळणं तशीच होती, धागाभर बारीक बारीक.

“सरळ व्हायला पाण्यातून काढली नाहीस?”

“नाही अजून.”

“मग ही माझी वळणं आहेत.” तिने धागा बोटांवरून ओढून पाहिला. “बाह्यांना दोनदा चुकले होते मी. आई हसली होती.”

“फ्लोरा, मला शिव्या घाल. काहीतरी बोल.”

फ्लोराने सुईवरची पिवळी किनार हातात घेतली, उलटसुलट केली, परत टोपलीत ठेवली. “विणलंस तेवढं राहू दे. पोराच्या अंगाला लागू दे. वर तुझी पांढरी घाल. उरलेली मी नेते.”

“काय करशील तिचं?”

“ठेवीन. आता माझ्याकडे ठेवीन.” मग ती म्हणाली, “हात पुढे कर. लोकरीचा गुंडा करायचाय.”

मलकाने दोन्ही हात पुढे धरले. फ्लोराने लड तिच्या मनगटांवर चढवली, टोक शोधलं आणि समोर बसून गुंडाळायला लागली. मलकाचे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

“हात खाली नेऊ नकोस वैनी,” फ्लोरा वर न बघता म्हणाली. “गुंता होईल.”

मलकाने हात तसेच वर धरून ठेवले. धागा एका मनगटावरून सुटत होता, मग दुसऱ्यावरून.