नऊ माणसांचा कोपरा

मित्रांनो, साल होतं १९८८ आणि महिना फेब्रुवारीचा. मी एक जुनी निळी किटली आहे, आणि त्या सालीसुद्धा जुनीच होते. माझ्या अंगावर पांढरे ठिपके आहेत. तोटीच्या मुळाशी एनॅमलचा टवका उडालेला आहे. पोटात एका वेळी तीस कप कॉफी मावते. एवढ्या मोठ्या किटल्या आता कुणी करत नाही, कारण एवढी माणसं आता एका घरी जमत नाहीत.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. ठोकून, जोडून मला आकार दिला, दाट निळ्या रंगात बुडवलं आणि भट्टीत घातलं. तो दाह मी अजून विसरले नाही. पण बाहेर आले तेव्हा दुकानदाराने मला खिडकीत मांडलं, आणि अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या नॉर्डाल गावच्या चर्चमधल्या बायकांनी वर्गणी काढून मला सिग्नेच्या लग्नात आहेर म्हणून दिलं. सिग्ने तेव्हा बावीस वर्षांची होती. माझ्या कडीला हात घालून तिने मला उचललं आणि म्हणाली, "बाई गं, ही तर माझ्याहून जड आहे!"

मग सुरू झाली माझी कामाची वर्षं. सिग्ने कॉफीत अंडं घालायची. नाक मुरडू नका, मित्रांनो! कॉफीच्या भुकटीत अंडं कवचासकट कालवायचं, तो गोळा उकळत्या पाण्यात सोडायचा आणि शेवटी गार पाण्याचा हबका द्यायचा. गाळ तळाशी बसतो आणि वर मधाच्या रंगाची नितळ कॉफी उरते. मळणीला, बारशाला, लग्नाला आणि मयताला, सगळीकडे मी गेले. लोक म्हणायचे, "सिग्नेची किटली आली का? मग थांबूया थोडा वेळ."

आमच्या नॉर्डालला आजे-पणजे नॉर्वेहून येऊन राहिले. त्यांनी बोटीतून एक रीत आणली, ती अजून मोडलेली नाही. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं. आणि विचारणाऱ्यानेही तिसऱ्यांदा विचारलंच पाहिजे, नाहीतर समोरचा उपाशी जातो आणि तो तसं कधीच बोलून दाखवत नाही.

शेजारचा आर्लो तर या रीतीचा राजाच. रोज सकाळी बूट झटकून आत यायचा.

"कॉफी घेणार, आर्लो?"

"छे छे, आत्ताच घेऊन आलो."

"थोडीशी?"

"उगाच कशाला त्रास."

"अरे, अर्धा कप तरी!"

"बरं, तू म्हणतेसच तर अर्धा."

आणि मग तीन कप रिचवून जायचा. सिग्नेचा नवरा हाल्वर म्हणायचा, "या माणसाला स्वर्गाच्या दारात देवाने एकदाच विचारलं तर हा परत येईल."

पण हाल्वरच आधी गेला. नॉर्डालला बारा खाटांचा दवाखाना होता. परवडत नाही म्हणून तो बंद केला. पुढच्याच हिवाळ्यात एका दुपारी गोठ्यात हाल्वरच्या छातीत कळ आली. आर्लोने त्याला आपल्या गाडीत घातलं, सिग्ने शेजारी बसली आणि बर्फातून पुढच्या गावाच्या दवाखान्याकडे निघाले. मी चुलीवर होते. कॉफी आटली, गाळ तळाला करपला. ते दोघंच परत आले. आर्लो दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. सिग्नेने त्याला कॉफी विचारली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

पुढच्या शरदात नेल हॅवर्टी आली. नेल मोंटानाच्या डोंगरातली परिचारिका, पुढे तिथल्या विधानसभेत निवडून आलेली. तिला पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हवी होती. तिच्यासमोर मोठमोठे सिनेटर होते, त्यांची विमानं होती. नेलची एक मोटार होती आणि तिचं एक दार दोरीने बांधलेलं होतं. वर्तमानपत्रं तिचं नाव शेवटी छापत, तेही कधीकधी चुकीचं.

चर्चच्या तळघरात तिच्या सभेला सहा माणसं आली. त्यांतली दोन लादी पुसायला आली होती. सिग्नेने मला पुढे केलं आणि विचारलं, "कॉफी?"

"हो, द्या ना! गारठलेय नुसती," नेल म्हणाली.

पहिल्याच विचारण्याला! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून कुणीतरी पुटपुटलं, "ही कसली होतेय राष्ट्राध्यक्ष."

पण सिग्ने हसली. हाल्वर गेल्यानंतर मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. नेलने भाषण केलं नाही. तिने विचारलं, "दवाखाना बंद झाल्यावर इथलं पहिलं माणूस कोण गेलं?" सिग्नेने हाल्वरचं सांगितलं. नेलने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी निवडून येणार नाही, हे मलाही कळतं. पण दहा गावांनी जरी माझा एकेक प्रतिनिधी पाठवला, तरी पक्षाच्या मोठ्या सभेत या लहान दवाखान्यांचं नाव घ्यावं लागेल. आत्ता माझ्याकडे एकाही गावाचा नाही."

"नॉर्डालचा एक तुझा," सिग्ने म्हणाली. "शब्द देते."

मित्रांनो, आमच्याकडे उमेदवार निवडायला चिठ्ठी नसते. पक्षाची गावातली माणसं संध्याकाळी शाळेत जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहतात. कोण कुठे उभं आहे ते सगळ्या गावाला दिसतं. ज्या कोपऱ्यात शंभरामागे पंधरा माणसंसुद्धा नसतील तो कोपरा मोडतो. मग तिथल्या माणसांनी दुसऱ्या कोपऱ्यात जावं, नाहीतर घरी. कोपरा टिकला तर त्याला प्रतिनिधी मिळतो.

सगळा हिवाळा सिग्ने मला घेऊन दारोदार फिरली. कॉफी पाजायची, दवाखान्याचं बोलायची. लोक कॉफी पिऊन म्हणायचे, "बाई चांगली आहे गं, पण निवडून थोडीच येणार! मत वाया का घालवायचं?" सिग्ने त्यांचा कप पुन्हा भरायची. आर्लोकडे मात्र ती गेली नाही. म्हणाली, "त्याला काय विचारायचं? तो तर त्या दिवशी गाडी चालवत होता."

शाळेत जमायचा तो फेब्रुवारीतला दिवस आला. बाहेर बर्फ, आत शाळेची जेवणाची खोली. मला भिंतीजवळच्या टेबलावर, शेगडीवर ठेवलं होतं. दार बंद करायच्या बेतात असताना आर्लो आत शिरला. तो अशा सभेला कधीच आलेला नव्हता. सिग्नेचा चेहरा उजळला. पण आर्लोने सगळे कोपरे पाहिले, टोपी फिरवली आणि ज्यांचं अजून ठरलं नव्हतं अशा दोघांजवळ, माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

मोजणी झाली. हेडमास्तर ड्वेन क्रोगर पूर्वेकडच्या सिनेटरच्या कोपऱ्याचे पुढारी होते. त्यांच्याकडे अर्धी खोली होती. सिग्नेकडे नऊ माणसं होती.

"एकूण एकसष्ट," अध्यक्षांनी सांगितलं. "कोपरा टिकायला दहा लागतील. आता अर्धा तास इकडचं तिकडे होऊ द्या."

दहा! आर्लोजवळचे दोघं लगेच हेडमास्तरांकडे निघून गेले. आर्लो एकटा उरला. सिग्ने खोली ओलांडून त्याच्याकडे आली. मी तिला इतकं हळू चालताना कधी पाहिलं नव्हतं.

"आर्लो, येतोस का आमच्या कोपऱ्यात?"

आर्लो बुटांकडे पाहत म्हणाला, "छे, मला राजकारणातलं काय कळतं."

"कळायचं काय त्यात? नुसतं उभं राहायचं."

"नको, उगाच. माझ्यासारख्याने कशाला."

सिग्नेने तोंड उघडलं. तेवढ्यात हेडमास्तरांचा आवाज आला, "अहो सिग्नेबाई, मत मागताय की कॉफीचा आग्रह करताय? सोडा बिचाऱ्याला!"

खोली हसली. वाईट मनाने नव्हे, पण हसली. सिग्नेच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने तोंड मिटलं. माझं झाकण वाफेने थडथडत होतं. मला वाटलं, ओरडावं. पण मी शिट्टीची किटली नाही, मित्रांनो. मला फक्त उकळता येतं.

सिग्ने आपल्या कोपऱ्यात परत गेली. आर्लो टेबलाशीच उभा राहिला, तिच्याकडे बघत. घड्याळ पुढे सरकलं. कोपरा मोडला. नऊतले काही हेडमास्तरांकडे गेले, काही कोट चढवून घरी. सिग्नेने मला शेगडीवरून उतरवलं आणि सगळ्यांना कॉफी वाढली. हेडमास्तरांनाही.

रात्री मला घासताना ती स्वतःशी बोलत होती. "साठ असते तर नऊ पुरले असते. साठच होते. मग आर्लो आला." तिने नळ बंद केला. पुन्हा म्हणाली, "मग आर्लो आला." आणि मला उपडी घालून झोपायला गेली.

आठवडाभर आर्लो फिरकला नाही. तेवढ्यात नेलने माघार घेतली. रेडिओवर ती बातमी हवामानाच्या आधी, एका वाक्यात आली. दुसऱ्या दिवशी आर्लो आला.

"कॉफी घेणार?"

"छे छे."

"थोडीशी?"

"नको, उगाच."

"अर्धा कप तरी घे रे."

आर्लो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "कॉफीचं मात्र तिसऱ्यांदा विचारतेस."

सिग्नेचा हात माझ्या कडीवर तसाच राहिला.

"त्या संध्याकाळी तुझ्या कोपऱ्यासाठीच आलो होतो मी," आर्लो म्हणाला. "हाल्वरसाठी. पण आपणहून कसं जाऊन उभं राहायचं? म्हटलं, तिसऱ्यांदा विचारशील. थांबलो होतो."

आता सिग्ने सांगू शकली असती. तू घरी बसला असतास तर कोपरा टिकला असता, एवढं एकच वाक्य. ते तिच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. पण ती म्हणाली, "माझंच चुकलं, आर्लो." आणि त्याचा कप काठोकाठ भरला.

नेल हॅवर्टी मोंटानाला परत गेली. पुढची निवडणूकही हरली आणि पुन्हा परिचारिका झाली, असं ऐकलं. हेडमास्तर बढती मिळून शहरात गेले. त्यांचा सिनेटरही शेवटी हरलाच. दवाखान्याच्या इमारतीत ट्रॅक्टरचे टायर ठेवतात. आर्लोचे गुडघे गेले तेव्हा मुलांनी त्याला दूरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथल्या मुली प्रेमळ आहेत, पण त्या एकदाच विचारतात, आणि आर्लो "छे छे" म्हणतो. म्हणून सिग्ने दर गुरुवारी माझी कॉफी थर्मासमध्ये भरून बसने जायची. सहा वर्षं गेली. मग तीही गेली. तिच्या मयताला चर्चने विजेचं यंत्र लावलं होतं. अंडं कुणी घातलं नाही. आर्लो अजून आहे म्हणतात. त्याला कॉफी मिळते की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, भिंतीशी उभा, टोपी फिरवणारा. तो नको म्हणाला तर लगेच वळू नका. कुणी हसलं तर हसू दे. आणि तुम्हीच तो असाल तर, बाळांनो, नेलसारखं पहिल्यांदाच हो म्हणायला शिका.

मी आता चर्चच्या तळघरात वरच्या फळीवर असते. वसंतात तिथली साफसफाई होते. गेल्याच्या गेल्या वर्षी एका मुलीने मला उचलून विचारलं, "ही टाकून द्यायची का?" एक बाई म्हणाली, "नको, राहू दे." गेल्या वर्षी तिने पुन्हा विचारलं. बाई पुन्हा म्हणाली, "नको."

आता बर्फ वितळायला लागलाय. ती तिसऱ्यांदा विचारेल.