कातळखोलची सात पत्रं

काशीनाथने वहीवर 'बंद झालेली टपाल कार्यालये : एक शोध' असं लिहिलं, त्याला दोन वर्षं झाली. घरात त्याला संशोधन म्हणायचे. म्हणजे सून समिधा म्हणायची. मुलगा काहीच म्हणायचा नाही, कारण तो घरी झोपण्यापुरता असायचा.

भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या वरच्या अंगाला त्यांचा फ्लॅट. पोस्टातून निवृत्त झाल्यावर काशीनाथ तालुक्याचं गाव सोडून इथे आला आणि त्याच्या लक्षात आलं, की ज्या वाड्यांची टपालं त्याने तीस वर्षं खणाखणांत टाकली, त्या वाड्यांतली माणसं इथेच खणाखणांत राहतात. तिकडे वाडीवर कुलपं, आणि इकडे अख्खी वाडी एका रिक्षाच्या भाड्यात. संशोधनाला याहून सोयीचं शहर सापडायचं नाही.

वहीत तेवीस गावं झाली होती. गावाचं नाव, पोस्ट कोणाच्या ओटीवर भरायचं, मास्तर कोण, बंद कधी. पण वही हे निमित्त. काशीनाथला एकाच गावाबद्दल एकच वाक्य ऐकायचं होतं. गाव कातळखोल, आणि वाक्य असं : 'पोस्ट राहिलं असतं तरी गाव उठलंच असतं.' कातळखोलच्या कोणीतरी हे एकदा म्हटलं, की तो वही मिटणार होता. कातळखोल त्याने सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, हेही आलंच.

"बाबा, आज कुठला दौरा?" समिधाने विचारलं.

"हाटकेश."

"जेवायला आहात ना?"

"नसून जातो कुठे."

हाटकेशला दुर्गा गोताड राहायची. वय साठीच्या आसपास. तिचे सासरे रामूतात्या हे कातळखोलचे शेवटचे पोस्टमास्तर. दार उघडंच होतं. खालच्या गाळ्यातून आलेली पेनं आणि टोपणं यांचे दोन ढीग समोर घेऊन ती बसली होती. पेनाला टोपण लावायचं, शंभर झाली की पिशवीत टाकायची.

"बसा. पोस्टातले ना तुम्ही? चंदन बोलला, फोन आलावता म्हणून. चंदन माझा मुलगा." तिने एक मूठ पेनं त्याच्यापुढे सरकवली. "हात रिकामे हायत, लावा टोपणं. बोलायला तोंड लागतं, हात नाय लागत."

काशीनाथ टोपणं लावू लागला. आणि सवयीने मोजूही लागला.

दुर्गा बोलत होती. पोस्ट त्यांच्याच ओटीवर. लाकडी पेटी, शिक्का, तराजू. टपालाची थैली यायची म्हणून गाडी वाडीपर्यंत यायची. पोस्ट बंद झालं, थैली बंद झाली, दुसऱ्या साली गाडी फाट्यावरूनच फिरू लागली. मग चार किलोमीटर चालून यायला मास्तरीणबाई तयार होईना. शाळा गेली. ज्यांची पोरं शाळेत, ते गेले. मग ज्यांची पोरं मुंबईत, ते गेले. तात्या मागे राहिले, पेटी पुसत.

"त्यांनी अर्ज केले तीन," दुर्गा म्हणाली. "मोजणी परत करा म्हणून. मोजणीत सात पत्रं आली म्हणे आठवड्यात. आमच्या वाडीला सात! मनिऑर्डरीच त्याहून जास्ती यायच्या. उत्तर आलं, मोजणी नियमाप्रमाणे झालीय. तात्या म्हणायचे, कोणत्या गाढवानं मोजली देव जाणे."

काशीनाथचं बत्तिसावं टोपण होतं.

"मी," तो म्हणाला.

"काय?"

"मोजणी मी केली. तालुक्याच्या ऑफिसात मीच होतो. वरून कागद आला होता, सप्टेंबरातला कुठलाही एक सर्वसाधारण आठवडा घ्या. मी गणपतीचा घेतला."

दुर्गाचे हात थांबले नाहीत.

"गणपतीत काम हलकं असतं," काशीनाथ सांगत राहिला. "मोजणी पटकन उरकते म्हणून. मुंबईची सगळी माणसं गावातच आलेली. कोण कोणाला लिहिणार? नऊ गावांची मोजली तशीच. चार बंद झाली. फॉर्मवर रकाना होता, आठवडा सर्वसाधारण होता काय. मी 'होय' लिहिलं. तात्यांचा पहिला अर्ज आला तेव्हाही मला विचारलं होतं. तेव्हाही 'होय'च म्हणालो. गणपती काय दरवर्षीच येतात, म्हटलं."

हे एवढं बोललं की आत काहीतरी हलेल, अशी त्याची एकोणतीस वर्षांची अटकळ होती. काही हललं नाही. दात काढायच्या आधी गालात सुई देतात, मग गाल आपला की शेजाऱ्याचा ते कळत नाही, तसं झालं. अंबिका, त्याची बायको, गेली तेव्हाही असंच झालं होतं. लोक म्हणाले, धीराचा माणूस.

"सातच होती?" दुर्गाने विचारलं.

"सात. दोनदा मोजली."

"त्यातलं एक माझं. त्या साली मी गणपतीला नव्हते, हिकडं दवाखान्यात होते. चंदन झाला ते कार्ड टाकलंवतं तात्यांना." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्याच हातातून गेलं म्हणायचं. वाचलंत?"

"मोजणीत वाचायला वेळ नसतो."

"म्हणजे मी गावात असते तर सहाच झाली असती," ती म्हणाली. एवढंच. ती त्याला दोष देतेय की नुसता हिशेब सांगतेय, ते काशीनाथला कळेना. त्याने शेवटी सरळच विचारलं.

"वहिनी, पोस्ट राहिलं असतं तर गाव राहिलं असतं?"

दुर्गाने पिशवीला गाठ मारली.

"मी एकटी काय सांगू? आमचं ग्रामस्थ मंडळ हाय. रविवारी सभा हाय भाईंदरला, सोसायटीच्या हॉलात. तिथं या आन् सगळ्यांसमोर सांगा. माझ्या एकटीच्या कानात सांगून मोकळं व्हायचं, असं नाय चालत, भाऊ."

गाव नसलं तरी 'कातळखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई' जोरात होतं. अध्यक्ष होते, दोन उपाध्यक्ष होते आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. म्हणजे गावाचं काही हरवलं नव्हतं. रविवारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पंधरा माणसं बसली. काशीनाथने नमस्कार केला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. आठवडा, रकाना, होय. मागे एका पोरीने आईला विचारलं, "आपल्या गावात पोस्ट होतं?" आईने तिला गप्प केलं, कारण तिलाही माहीत नव्हतं.

"होतं," दुर्गा म्हणाली. "माझ्या ओटीवर."

मग सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष गुणवंत, पालिकेत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"काका, तुम्ही बोललात ते गंभीर आहे. पण अडचण अशी आहे, की गणसंख्या वीस. हजर पंधरा. म्हणजे सभा अजून सुरूच झालेली नाही."

"मग मी आता बोललो ते?"

"ते इतिवृत्तात येत नाही. आता सभा अर्धा तास तहकूब. त्यानंतर त्याच जागी, आहेत तेवढ्या सभासदांवर भरते. त्याला गणसंख्या लागत नाही. तेव्हा सांगा."

"अहो, पण तुम्ही ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"व्यक्तिशः ऐकलं," अध्यक्ष म्हणाले. "मंडळाने नाही ऐकलं."

काशीनाथला राग यायला हवा होता. खात्याच्या नियमांत आयुष्य काढलेला माणूस, त्याला उलट बरं वाटायला हवं होतं. दोन्ही झालं नाही. कोणीतरी कागदी डिशमध्ये बटाटेवडा आणून दिला. त्याने तो खाल्ला. चटणी तिखट असावी. डोळ्यांत पाणी आलं, जिभेला समजलं नाही.

दुर्गा शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास व्हायला अर्धा तास लागला.

"चला, बसून घ्या," गुणवंत म्हणाले. "सभा सुरू. काका, बोला."

तेच पंधराजण त्याच खुर्च्यांवर होते. आता सेक्रेटरीने पेनाचं टोपण काढलं होतं. काशीनाथ खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"मी काशीनाथ," तो म्हणाला. "तुमच्या गावाची मोजणी मी केली." आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.