पाठमोरे सर

आमच्या भौतिकशास्त्र विभागात पहिल्या वर्षाला शिकवणारे एक सर होते. मुलं त्यांना 'पाठमोरे सर' म्हणत. आडनाव म्हणून हे इतकं चपखल बसायचं, की दर वर्षी एखादा नवा विद्यार्थी रजेच्या अर्जावर खुशाल 'माननीय पाठमोरे सर यांस' लिहून आणायचा, आणि तो सरांच्या हाती पडायच्या आत मी घाईघाईने काढून घेऊन दुसरा लिहायला लावायचे. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. वर्गात शिरले की सर जे फळ्याकडे वळायचे, ते घंटा होईपर्यंत. लिहायचे फळ्यावर आणि बोलायचेही फळ्याशीच.

मी त्या विभागाची क्लार्क. हजेरी, वेळापत्रक, प्रयोगशाळेच्या सामानाच्या याद्या आणि वर्षातून दोनदा मुलांचे अभिप्राय, असं माझं काम. सेमिस्टर संपताना प्रत्येक वर्गात एक फॉर्म वाटतात. पाच प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे, हवा त्याला गोल करायचा. खाली 'इतर मत' म्हणून चार ओळी. नाव लिहायचं नाही. आकडे मी कॉम्प्युटरात भरायचे, सरासरी निघायची, आणि ती बंद पाकिटातून त्या त्या प्राध्यापकांना जायची. 'इतर मत'साठी कॉम्प्युटरात रकानाच नव्हता. म्हणून ते फॉर्म सुतळीने बांधून मी खिडकीखालच्या कपाटात ठेवून द्यायचे.

वाचायचे मात्र सगळे. त्यासारखी करमणूक नाही. 'सरांचं अक्षर सुंदर आहे, अर्थ कळला असता तर अजून सुंदर वाटलं असतं.' 'हा विषय ज्याने शोधला त्याला भेटायचं आहे.' 'खिडकीजवळचा पंखा दुरुस्त करा, बाकी सगळं सहन होतं.' एकीने चारही ओळींत फक्त 'का? का? का?' असं लिहिलं होतं.

त्या वर्षी माझी भाची, म्हणजे थोरल्या ताईची मुलगी, कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली. प्रवेश आमच्याच कॉलेजात, आणि तुकडी नेमकी 'ब', म्हणजे पाठमोरे सरांची. 'अ' तुकडीला एक तरुण सर होते, त्यांचं नाव मुलांनी 'जादूगार' ठेवलं होतं. ते छताला लोखंडी गोळा टांगायचे, तो स्वतःच्या नाकापासून सोडायचे आणि परत येऊन नाकापुढे थांबेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. 'ब' तुकडीतली मुलं दारातून माना वाकवून बघायची.

"मावशी, माझी तुकडी बदलून दे ना," भाची पहिल्या महिन्यातच मागे लागली.

"माझ्या हातात असतं तर मी आधी माझं टेबल बदलून घेतलं असतं."

"अगं, पण त्यांचं काही ऐकूच येत नाही. शेवटी घर्षण म्हणाले की आकर्षण, यावरून आमच्यात अर्धा तास वाद झाला."

माझे यजमान ताटावरून हसले. "दोन्ही एकच. आपल्या घरात तर नक्कीच," ते म्हणाले. भाचीला हसू आलं, पण तिची तक्रार खोटी नव्हती. रोज संध्याकाळी ती वही उघडून बसायची आणि तासाभराने तशीच मिटायची.

सेमिस्टर संपलं. फॉर्म आले. विभागप्रमुख बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "ब तुकडीचे आकडे आधी द्या. तीन वर्षं दोन पूर्णांक आठच्या वर जात नाहीत. यंदाही तेच असलं तर पहिलं वर्ष त्यांच्याकडून काढून घेते. नुसती प्रॅक्टिकल्स देऊ त्यांना."

आकडे भरले. दोन पूर्णांक सात.

भरता भरता एक फॉर्म हातात आला आणि मी थांबले. अक्षर भाचीचं होतं. तिचा 'ळ' मी कुठेही ओळखीन. तिने लिहिलं होतं, 'मी एकदा पहिल्या बाकावर बसले होते. तेव्हा सगळं ऐकू आलं आणि सगळं कळलं. सर फार छान समजावतात. पण पहिल्या बाकावर चारच जणांना जागा आहे.'

मी ते दोनदा वाचलं. मग बाकीचे फॉर्म पुन्हा घेतले आणि मोजायला बसले. त्रेसष्टपैकी एकेचाळीस जणांनी एकच गोष्ट लिहिली होती, आपापल्या शब्दांत: आवाज येत नाही. विषय अवघड आहे असं लिहिणारे जेमतेम सहा. कपाटातून मागच्या वर्षांचे गठ्ठे काढले. सहा वर्षं. धूळ झटकली, सुतळ्या सोडल्या. प्रत्येक गठ्ठ्यात तेच. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. सहा वर्षं मी हे वाचून हसत होते आणि वर गाठ मारून ठेवत होते.

विभागप्रमुख बाईंकडे गेले. "बाई, हे सरांना दाखवायचं नाही असा नियम आहे का?"

त्यांनी चष्मा काढला. "दाखवायचं नाही असा नाही. दाखवायचं असाही नाही. पण अक्षरावरून पोरं ओळखू येतील, तेवढं बघा."

मग मी ते सगळं टाईप केलं. जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताशी ठेवून, चार दिवस. शब्द एकही बदलला नाही, शुद्धलेखनसुद्धा नाही. एकोणीस पानं झाली. पाचव्या दिवशी दुपारी सरांच्या खोलीत गेले.

सर एकटेच बसले होते. पन्नाशीचे, सडपातळ, खडूने कायम पांढऱ्या झालेल्या बाह्या. मी पानं पुढे ठेवली. "सर, मुलांनी लिहिलेलं आहे. पाकिटात फक्त आकडा येतो, हे येत नाही."

ते उभ्या उभ्याच वाचायला लागले. तिसऱ्या पानावर खुर्चीत बसले. मला जावं की थांबावं कळेना, म्हणून मी दाराजवळच उभी राहिले.

"हे सहा वर्षांचं आहे?"

"हो सर."

"मला वाटायचं, विषयच अवघड आहे." त्यांनी पान उलटलं. "दर वर्षी आकडा आला की मी आणखी सोपं करायचो. सगळ्या टिपणवह्या चार वेळा नव्याने लिहिल्या. आणि यांना ऐकूच येत नव्हतं!"

मला वाटलं, आता चिडतील. पण ते हसले; हसताना डोळे मात्र भरून आले होते. मग आपणहून सांगायला लागले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिकवता शिकवता वर्गाकडे पाहिलं होतं, आणि दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा तोंड लपवून हसत होता. कशाला हसत होता कोण जाणे. पण पुढचं वाक्यच गेलं. दहा मिनिटं तोंडाला कुलूप. शेवटी ते फळ्याकडे वळले आणि शब्द परत आले. "तेव्हापासून वळलेलाच आहे," ते म्हणाले. "माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की माझं वाक्य सुटतं, बाई."

"माझ्याशी तर बोलताय की."

ते चपापले. खरंच, एवढा वेळ ते माझ्याकडे बघून बोलत होते.

"तुम्ही भौतिकशास्त्र शिकलात कधी?" त्यांनी विचारलं.

"शिकले. नापास झाले. मग इथेच नोकरी लागली."

असं करता करता ठरलं. सुट्टीचे तीन आठवडे, रोज चार वाजता, रिकाम्या वर्गात. ते शिकवणार, मी ऐकणार. मी दर दिवशी एक बाक मागे सरकायचं. पहिल्या दिवशी ते चार वेळा फळ्याकडे वळले. मी बाकावर टिचकी मारायचे की ते दचकून परत फिरायचे. दुसऱ्या दिवशी मधेच वाक्य तुटलं, कपाळावर घाम आला, खडू हातातून पडला. पाण्याचा ग्लास भरून टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसले.

चौथ्या दिवशी मी हात वर केला. "सर, मला हे कळलं नाही."

ते बघतच राहिले. "काय म्हणालात?"

"बस थांबली की आपण पुढे जातो ते. धक्का मागून कोण देतं?"

"कोणीच देत नाही!" ते टेबलाला वळसा घालून माझ्यापर्यंत आले. "बस थांबते, तुम्ही थांबत नाही. तुम्ही जातच होता. तुम्हाला थांबवायला कोणीतरी लागतं: दांडी, समोरची सीट, शेजारचा माणूस." मग म्हणाले, "मला इतक्या वर्षांत 'कळलं नाही' असं कोणी म्हणालंच नाही." मी म्हटलं, सर, पाठीला कोण सांगणार? बोलून गेले आणि जीभ चावली. पण ते मोठ्याने हसले.

विभागप्रमुख बाई एकदा जाता जाता दारात थांबल्या. पाच मिनिटं ऐकलं. मग निघून गेल्या, आणि नव्या वेळापत्रकाच्या कच्च्या कागदावर 'ब' तुकडीपुढचं सरांचं खोडलेलं नाव पुन्हा लिहिलेलं मला दिसलं.

सेमिस्टर सुरू झालं त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. भाची घरी आली ती चपला काढायच्या आधीच सुरू झाली. "मावशी, आज काय झालं माहितेय? सर आले आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. मी तर त्यांना ओळखलंच नाही! मग पाचेक मिनिटांनी गाडी अडकली. एकदम गप्प. मग म्हणाले, 'मी विसरलो. मला तुमच्याकडे बघून बोलायची सवय नाही, पण ती मी करून घेणार आहे.'"

"मग? कोणी हसलं?"

"कोणी नाही. मधल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, तुम्ही विद्युतभारापर्यंत आला होतात.' सर म्हणाले, 'बरोबर,' आणि पुढे चालू."

मी चहा टाकायला आत गेले, नाहीतर तिला माझा चेहरा दिसला असता. त्या चार दिवसांच्या टायपिंगबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही.

त्या सेमिस्टरची सरासरी तीन पूर्णांक चार आली. जादूगारांची चार पूर्णांक सहा, नेहमीसारखी. सरांना आता पाकिटासोबत टाईप केलेली पानंही जातात, आणि त्यांचं बघून जादूगारांनीही आपली मागून घेतली. ती वाचून ते दोन दिवस जरा शांत होते. कोणीतरी लिहिलं होतं, 'गोळा लक्षात राहतो, सूत्र राहत नाही.' पुढच्या आठवड्यापासून ते मागच्या बाकावर वही घेऊन पाठमोरे सरांच्या तासाला बसायला लागले.

भाचीने पुढे वनस्पतिशास्त्र घेतलं. भौतिकशास्त्रात तिला त्रेपन्न गुण पडले. ती म्हणते, कळलं सगळं, पण आवडली झाडं.

माझं मात्र राहून गेलेलं पुरं होतंय. विभागप्रमुख बाईंची परवानगी काढून मी गुरुवारचा सरांचा तास ऐकते. टेबलावर 'लगेच येते' अशी पाटी ठेवते आणि जाते. मागच्या गुरुवारी उष्णता सुरू झाली. सरांनी विचारलं, लोखंडाची सळई आणि लाकडाचं बाक एकाच खोलीत आहेत, मग हाताला सळईच गार का लागते? पुढच्या रांगेतला एक मुलगा उठला, त्याने खिडकीच्या गजाला हात लावला, बाकाला लावला, पुन्हा गजाला लावला, आणि आम्ही सगळे तो काय सांगतो याची वाट बघत बसलो.