सावरखिंडीतले गोटे

“उचल धोंडा, मोऱ्या! गाडी थांबवलीय मी ती काय तुझं थोबाड बघायला?”

मामा बैलांपाशी उभा राहून ओरडत होता आणि मोरूचे डोळे ढिगाच्या पायथ्याशी एका गोट्यावर अडकले होते. अंड्याएवढा, गुळगुळीत, मधोमध पांढरी शीर गेलेला. पाण्यानं चाटून चाटून केलेला गोटा. आणि इथं, सावरखिंडीत, एवढ्या चढावर पाणी कुठलं आलं?

“न्हाय उचलनार,” मोरू म्हणाला. “म्हसळ्याला जाताना एक, येताना एक. जन्मभर काय धोंडेच व्हायचे?”

“रीत हाय ती रस्त्याची.”

“रस्ता काय तुला सांगाय आलता?”

धर्माजीमामा पुढं आला. स्वतःच वाकला, रस्त्याकडेचा एक तांबडा जांभा उचलला आणि ढिगावर ठेवला. टाकला नाही, निजलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसा ठेवला. मग बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “चल रं बाळ्या. याचं डोकं फिरलंय आज.”

डोकं मोरूचं रोजच फिरायचं. मास्तरांच्या अंगावर पाटी फेकून तो शाळेतून जो बाहेर पडला तो परत गेलाच नाही. तेव्हा आईनं चुलीतलं जळतं लाकूड काढलं होतं, सगळा गाव शिव्या घालत होता, आणि एकटा मामा आईला म्हणाला होता, असू दे सोने, गाडीवर येऊ दे माझ्या. बाप गेल्यापासून मायलेकरं मामाच्याच घरात. आणि कधी एका शब्दानं त्यानं ते बोलून दाखवलं नाही, हेच तर... एखाद्यानं बोलून दाखवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

श्रीवर्धनहून सुपारीची पोती भरायची, खिंड चढायची, म्हसळ्याच्या वखारीत उतरायची, संध्याकाळी परत. पुढल्या वर्षी मोटार सुरू होणार म्हणतात, तोवर हेच. या खिंडीत तीन माणसं नाहीशी झालेली. सुट्टीवर आलेला एक गिरणीतला माणूस, मग गावोगाव बांगड्या भरणारा शिवदास कासार, मग दिवाळीनंतर कुणा भटजींचा आचारी. मेली म्हणावं तर मढं नाही, पळाली म्हणावं तर कारण नाही. आचाऱ्याची छत्री तेवढी करवंदीच्या जाळीवर उलटी लटकलेली सापडली. आणि मढं नाही म्हणजे अग्नी नाही, पिंड नाही. असा माणूस वाटेवर बसून राहतो, येणाऱ्या गाडीत मागच्या बाजूनं चढतो. म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यानं धोंडा ठेवायचा. त्याला वजन द्यायचं. वजन दिलं की तो उठत नाही.

आज मोरूनं दिलं नव्हतं.

उताराला लागल्यावर गाडी बैलांच्या अंगावर यायला लागली. तीच पोती, तोच उतार, पण जू मानेवर चढलं, बाळ्या मागचे खूर रोवून फुसफुसायला लागला आणि चाकाचा आस असा कण्हायला लागला, की... मामानं वळून मागं बघितलं. पोत्यांच्या मागं, जिथं कुणीच नव्हतं तिथं. मग तो खाली उतरला आणि गाडीमागून चालायला लागला.   मोरूला मागं वळून बघायचं होतं, आणि मामाच्या पावलांबरोबर आणखी कुणाची पावलं नाहीत ना एवढंच ऐकायचं होतं, आणि दोन्ही करवेना.

हात मऊ कर गं, हात मऊ कर... शिवदास कासार बायकांना असंच म्हणायचा. एकदा अंगणात त्यानं गंमत म्हणून मोरूचाच पंजा धरला होता, अंगठा आत दुमडून चांगल्या तीन बांगड्या चढवल्या होत्या, आणि आई पदर तोंडाला लावून हसली होती. बाप गेल्यानंतर पहिल्यांदा हसली होती ती. मामा ओटीवर सुपारी कातरत बसला होता. तोही हसला होता. हसला होता ना? आता आठवू गेलं की अडकित्त्याचा आवाज तेवढा आठवतो.

पण तो गोटा.

रोज वाकून धोंडा उचलायचा, टाकायचा, पुढं. ढिगाकडे कोण बघतो? आज वाकायचं नाही म्हणून ताठ उभा राहिला आणि म्हणूनच दिसलं. वर सगळा तांबडा जांभा, रस्त्यावरचा, हाताला येईल तो. आणि त्याच्या खाली, गवताच्या अंगाला, काळे गोटे. वहाळातले, ओढ्याच्या पाण्यातले. वहाळ तर खिंडीखाली पार तळाला. जाता जाता धोंडा टाकणारा माणूस तिथून गोटा आणत नाही. ते आणले होते, टोपलीनं, खेपा घालून. आणि टाकले नव्हते, रचले होते. मोठा गोटा खाली, त्याची शेपूट आत, दोन गोट्यांमधल्या सांदीत चीप ठोकलेली. सांद ठेवू नको मोऱ्या, सांदीत खेकडा शिरतो नि आख्खा बांध जातो... भाताच्या खाचरात मोरूच्या हातावर चापट मारून मारून मामानं शिकवलेलं. आज मी डोळ्यांनी बघितलंय. ढिगाला तळाशी एकही सांद नाही.

पण बांध सगळेच तसे घालतात. मामानंच अर्ध्या गावाला शिकवलाय. मग काय अर्धा गाव...?

आणि रीत. सगळे म्हणतात रस्त्याची जुनी रीत, जशी काय आजापणजापासून चालत आलीय. मोरूनं आठवून बघितलं. गेल्या शिमग्याच्या आधी या खिंडीत ढीग नव्हताच. शिमग्याच्या खेपेला मामानं गाडी थांबवली होती, “हतं कोनी तरी रचलाय, कोनाचा तरी असंल, टाक एक धोंडा.” आणि शिवदासची बायको त्याला शोधत गावात आली ती नंतर, गुढीपाडव्याला. तोवर तो हरवलाय हेच कुणाला माहीत नव्हतं. मग पन्नास माणसं काठ्या घेऊन रान धुंडाळायला निघाली, म्हसळ्याचा फौजदार घोड्यावरून आला, आणि रानात शिरायच्या आधी सगळ्यांनी, फौजदारानंसुद्धा खाली उतरून, शिवदासच्या नावानं एकेक धोंडा त्या ढिगावर ठेवला.

मोरूनं कासरा दुसऱ्या हातात घेतला. 

“मामा,” पुढं बघतच तो म्हणाला. “त्या ढिगावं पयला धोंडा कोनी टाकला?”

मागची पावलं थांबली नाहीत.

“तूच की,” मामा म्हणाला. “मी म्हनलो टाक, नि तू टाकलास. तवा बरा ऐकत व्हतास.”

सहज म्हणाला तो. रागानं नाही, दाबून नाही. खोटंही नाही. आणि मोरूला आपला हात आठवला. नुसता हात. वाकलेला, धोंडा उचलणारा. का, कशाला, काही न विचारता.

म्हसळ्यात पोती उतरेपर्यंत ऊन कललं. वखारीसमोर एक तरुण माणूस पत्र्याच्या ट्रंकेवर बसून नवे बूट रुमालानं पुसत होता. मामाशी त्याचं बोलणं आधीच झालं असावं, कारण मोरू शेवटचं पोतं टाकून आला तेव्हा ट्रंक गाडीत चढली होती.

“मी दिनानाथ,” तो आपण होऊन मोरूला म्हणाला. “गिरगावात छापखान्यात असतो. श्रीवर्धनला मुलगी बघायला चाललोय.”

“तिकडं म्हायत हाय, तुमी येताय ते?”

“छे! कुण्णाला कळवलं नाही. घरीसुद्धा नाही. एकदम दारात जाऊन उभं राहायचं, तिनं पावडर लावायच्या आत!” तो खळखळून हसला. “काय हो धर्माजी, वाटेत भुतंबितं नाहीत ना?”

“भुतं गरिबाच्या गाडीत कशाला बसतील, सायेब? बसा तुमी, पेंढा घातलाय.”

कुणालाच माहीत नाही. हा आज पोचला नाही तर उद्या कुणी वाट बघणार नाही, परवा नाही...

“मोऱ्या, तू ऱ्हा हतं,” मामा जू बांधता बांधता म्हणाला. “उद्याच्याला शेटची गाडी येल, तिच्यासंगं ये. धोंडा टाकाय लाज वाटते ना तुला? मंग माझ्या गाडीत बसू नगं.”

सकाळच्या भांडणाचा राग. मामाला राग असाच येतो, उशिरा, थंडपणे. एवढंच असेल. एवढंच असू दे. सांगायचं तरी कुणाला? फौजदाराला? तो येईल, घोड्यावरून उतरेल, आणि ढीग उपसायच्या ऐवजी वर आणखी एक धोंडा ठेवेल. आणि उपसला आणि खाली नुसती माती निघाली तर? ज्या ताटात जेवलो त्यात थुंकलो, एवढं होईल. आई कुठं जाईल? आणि माती नाही निघाली तर — तरी आई कुठं जाईल?

त्यानं राग आणायचा प्रयत्न केला. नेहमी तो मोरूच्याही आधी यायचा, हात उठून गेल्यावर कळायचं की आपण रागावलोय. आज हाका मारूनही येईना. आत नुसतं शांत, आणि त्या शांततेत समोर एक माणूस जू बांधत होता. पंजे रुंद, अंगठ्याचं नख चिरलेलं, मानेवर घामाची रेघ. दोरीला गाठ मारून तिच्यावरून तो अंगठा फिरवून बघत होता, कुठं सैल राहिली नाही ना. मोरूनं या माणसाला याआधी कधी बघितलंच नव्हतं.

“मी येतो,” तो म्हणाला.

“तुला काय सांगितलं मी?”

“येऊ द्या हो,” दिनानाथ आतून म्हणाला, “तेवढाच गप्पांना एक जण.”

मामानं गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. मग बाजूला सरकून जागा केली. “धोंडा टाकशील?”

“तू सांगशील तसा,” मोरू म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून चपापला. कारण तो खोटं बोलत नव्हता. आपण त्या हसऱ्या माणसाला राखायला चाललोय की मामाच्या हाताखाली, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या हाताला ठाऊक असेल कदाचित. हाताला विचारावं, नीट बसून, एकट्यानं... पण बाळ्यानं मान हलवली, चाक अर्धं फिरलं, मामा म्हणतोय चढ लवकर, आणि मला आता निघायलाच हवं.