उज्ज्वलाची जागा

गुजरातेत कामरेजच्या पुढं, तापीच्या काठावरचं ते गाव कॉलेजच्या जिवावर जगायचं. जूनमध्ये पोरं आली की झेरॉक्सवाल्याच्या तोंडावर तेज चढायचं. मे महिन्यात गेली की कुत्रीसुद्धा ओट्यावरून उठायची नाहीत. घाटावर मुली पुस्तकं घेऊन बसत आणि मुलं मुली मोजत.

त्या गावात सरलाबाईची खानावळ होती. नवरा छगन कापडाच्या लूमवर पाय अधू करून घरी बसला, तेव्हापासून घर तिच्या पोळपाटावर चाललं. बाई दुसरीच्या पुढं शाळेत गेली नव्हती, पण ताटात टाकून उठणाऱ्या प्रोफेसरला खांदा धरून परत बसवायची. "पोरांना शिकवतोस, मग पोळी संपवायला कोणी शिकवलं नाही का?"

त्र्याण्णव साली थोरल्या लेकीचं, उज्ज्वलाचं नाव पीटीसीच्या दुसऱ्या यादीत लागलं. दोन वर्षं शिकली की शाळेत मास्तरीण. सोमवारी दोनच्या आत आईबापांपैकी एकानं कागद घेऊन कॉलेजच्या ऑफिसात यायचं होतं; छगनला तर उंबरा ओलांडवत नव्हता. आणि सोमवारीच कानबाई उठायची होती. श्रावणात रविवारी देवी बसवायची, सोमवारी डोक्यावर घेऊन नदीवर न्यायची, हे खानदेशी घराला चुकत नाही.

त्या वर्षी पहिल्यांदाच सगळी गुजराती आळी कानबाई बघायला ओट्यावर आली. बायकांनी देवीपुढं धरलेल्या आरतीवर हात फिरवला. मग काय, प्रत्येक दारापुढं मिरवणूक थांबली, प्रत्येक दारापुढं फुगडी झाली.

"माय, दोनले ऑफिस बंद हुई जाई," उज्ज्वला कानाशी लागली.

"देवी डोक्यावर शे अन् तुले ऑफिस सुचस? कॉलेज काय पळी जाई ऱ्हायनं?"

कॉलेजच्या फाटकापुढं मिरवणूक आली तेव्हा अडीच वाजून गेले होते. शिपाई कुलूप ओढून बघत होता. उज्ज्वलानं नदीवर पोचेपर्यंत टाळ्या बरोबर तालात वाजवल्या.

दिवेलागणीला कॉलेजचे क्लार्क ठाकोरभाई नेहमीसारखे जेवायला आले. पाटावर बसतानाच म्हणाले, "मासी, उज्ज्वलाबेन केम नहीं आवी? दोनपर्यंत वाट बघितली. मी यादी अजून बंद नाही केली. सकाळी दहाला या, बसवून घेतो."

आजूबाजूला वीस पोरं जेवत होती. सगळ्यांनी मान वर केली. देवीपायी पोरीची जागा गेली, असं या गावात कोणी म्हणावं? नि वर क्लार्कचे उपकार? सरलाबाईनं भाजीची पळी आपटली.

"आम्हालाच शिकवायची नव्हती. पोर आमची, मर्जी आमची. तुम्ही जेवा."

ठाकोरभाई जेवले. मंगळवारी त्यांनी यादी बंद केली. सरलाबाई पुढच्या वर्षी बघू म्हणत राहिली. पुढच्या वर्षी नवागामचं स्थळ आलं.

त्या सोमवारला आता चार वर्षं झाली. उज्ज्वला नवागामच्या एका खोलीत साड्यांना टिकल्या चिकटवते. माहेरी आली तरी बोटांना गोंद असतो. परवा दुपारी खानावळ रिकामी होती. पीटीसीच्या पोरी निळ्या काठाच्या साड्या नेसून रस्त्यानं जात होत्या आणि उज्ज्वला लसूण सोलता सोलता त्यांच्याकडं बघत नव्हती. ते न बघणं सरलाबाईला बघवेना.

"त्या सोमवारी ठाकोरभाईनं विचारलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी घेतो म्हणाला होता. मीच नाही म्हटलं."

"माले माहीत शे, माय. मी चुलीपाशीच व्हतू."

"मग तोंड का शिवलं होतंस?"

"वीस मानसंसमोर तुले खोटं पाडू का मी?"

उज्ज्वलानं सोललेला लसूण वाटीत भरला, हात धुतले आणि चार वाजताच्या बसला उशीर होतोय म्हणून पिशवी उचलली. अख्ख्या गावाला एका वाक्यात गप्प करणारी सरलाबाई दारापर्यंत आली. थांब म्हणायचं होतं तिला. पण कुठल्या तोंडानं म्हणणार?